मळ्यातील घरात वायफाय राऊटर : शब्दांची ओळख, मांडणी व निगा

नाशिक जिल्ह्यातील बागायतदारांचे एक वैशिष्ट्य असे, की निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, बागलाण या तालुक्यांत असंख्य कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात राहतात. पिकावर नजर राहते, वेळी-अवेळी पाणी देता येते, हा त्याचा फायदा. परंतु गावात आलेली प्रत्येक सोय मळ्यापर्यंत पोहोचण्यास उशीर होतो. रस्त्याचे तसे झाले, विजेचे तसे झाले, दूरध्वनीचेही तसेच झाले. आता इंटरनेटची पाळी आहे.

आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, वारणा खोऱ्यातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाद्वारे जोडण्याचा प्रकल्प तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात हाती घेण्यात आला. उसाच्या नोंदी, खतांची उचल ही माहिती शेतकऱ्याला गावातल्या संगणकावर मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास तेच काम संगणकाऐवजी मोबाईलवरील एसएमएसने करून पाहण्याचा प्रयोग तेथील सात गावांत झाला. यंत्र कोणते हा प्रश्न दुय्यम असतो. शेतकऱ्याच्या हातापर्यंत शेवटचा टप्पा कसा जोडायचा हा खरा प्रश्न असतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

आज सातबारा, ई-पीक पाहणी, महाडीबीटीवरील अनुदानाचा अर्ज ही कामे जाळ्यावर होतात. द्राक्ष निर्यातीचा माग ठेवण्यासाठी अपेडाने २००६ साली ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली, तेव्हापासून निर्यातीच्या बागेचा हिशेबही जाळ्यावर गेला. फळछाटणीनंतर आभाळ भरून आले आणि डाऊनीसाठी फवारा आज मारायचा की उद्या, असा पेच पडला तर हवामानाचा अंदाज त्याच क्षणी दिसावा लागतो. अशा वेळी ‘नेट चालत नाही’ म्हणून मोबाईल उंच धरून गच्चीवर जाणे परवडणारे नाही. पुष्कळ बागायतदारांनी आता फायबरची जोडणी घेतली आहे. ती घेतल्यावरही तक्रार राहतेच. याचे कारण बहुतेक वेळा बाहेरच्या तारेत नसून घरातल्या राऊटरमध्ये, म्हणजे तो कोठे ठेवला आणि कसा लावून दिला यात असते. म्हणून त्यासंबंधीची माहिती येथे देत आहोत.

पाटकरी आणि राऊटर

मोसम व गिरणा खोऱ्यांतील शेतकऱ्यांना फड पद्धत सांगावयास नको. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटातून चाऱ्या आणि प्रत्येक शेताला पाणी देणारा पाटकरी. पाणी शेतकऱ्याने आपल्या मर्जीने फोडून घ्यायचे नाही, पाटकऱ्याने द्यायचे, ही त्यातली शिस्त. घरातील जाळे याच रीतीने समजून घेता येते.

सेवा देणारी कंपनी म्हणजे बंधारा. तिच्याकडून घरापर्यंत येणारी काचेच्या तंतूची किंवा तांब्याची तार म्हणजे पाट. ही तार घरात ज्या लहान पेटीत येते तिला मोडेम म्हणतात. फायबरच्या बाबतीत तिला ओएनटी असे नाव आहे. तारेतून आलेला प्रकाशाचा वा विजेचा संकेत संगणकाला समजेल अशा रूपात बदलणे, एवढेच तिचे काम. त्यापुढचा पाटकरी म्हणजे राऊटर. घरातील कोणत्या मोबाईलने काय मागितले, ते बाहेर पाठवणे आणि आलेले उत्तर नेमके त्याच मोबाईलला पोहोचवणे, हे काम तो करतो. आजकाल मोडेम आणि राऊटर एकाच पेटीत येतात, त्यामुळे दोन्हींना एकच नाव पडले आहे. तथापि कामे दोन आहेत हे लक्षात ठेवावे. बिघाड शोधताना याचा उपयोग होतो.

राऊटरपासून तारेने अनेक यंत्रे जोडायची असल्यास फाटे वाढवणारी पेटी लागते, तिला स्विच म्हणतात. तारेऐवजी रेडिओ लहरींनी जोडणारा भाग म्हणजे ॲक्सेस पॉइंट. घरगुती राऊटरमध्ये तो आतच असतो. या रेडिओ जोडणीलाच वायफाय म्हणतात. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि तरीही काही उघडत नाही, असे होते त्याचे कारण हेच. चारी कोरडी नाही ना हे पाहायचे असेल तर चारीकडे पाहून भागत नाही, पाटात पाणी आहे काय हेही पाहावे लागते.

पाण्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. पाणी सलग वाहते. माहिती तशी वाहत नाही. ती द्राक्षांसारखी खोक्यांत भरून जाते. रोगट पानाचा ३ मेगाबाइटचा एक फोटो आपण तज्ज्ञांना पाठवला, तर त्याचे सुमारे दोन हजार लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेत काही खोकी हरवली तर तेवढीच पुन्हा मागवली जातात. जोडणी कमजोर असली की ‘फिरत राहते’ असे आपण म्हणतो ना, त्या वेळी बहुधा हीच हरवलेली खोकी पुन्हापुन्हा मागवणे चाललेले असते.

पत्ते आणि आकडे

प्रत्येक खोक्यावर पत्ता हवा, म्हणून जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटी पत्तेच होऊ शकतात. जगातील मोबाईल, संगणक, कॅमेरे यांच्या संख्येपुढे ते पुरत नाहीत. यावर उपाय म्हणून काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यापैकीच. हे पत्ते तुमच्या घरातही असतात आणि शेजारच्या मळ्यातही असतात. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. पोस्टमन संपूर्ण मळ्याची पत्रे एकाच पत्त्यावर देऊन जातो आणि घरातले कोण कोणाचे ते घरात ठरते, तसे हे आहे. बाहेर पत्र कोणी टाकले होते ते लक्षात ठेवून उत्तर त्यालाच देण्याच्या राऊटरच्या या कामाला नॅट म्हणतात.

घरातील पत्ते वाटतो तोही राऊटरच. बाजार समितीच्या फाटकावर ट्रॅक्टरला क्रमांक द्यावा, तसा नव्याने जोडल्या गेलेल्या प्रत्येक मोबाईलला तो एक पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो. या सोयीचे नाव डीएचसीपी. ती चालू असावी, बंद करू नये. घरात दोन राऊटर लावले आणि दोघेही पत्ते वाटू लागले, तर एका फाटकावर दोन कारकून बसल्यासारखा घोळ होतो. दुसऱ्या राऊटरला केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावे. तशी निवड बहुतेक राऊटरमध्ये असते. डीएनएस हा आणखी एक शब्द कानावर येतो. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ती वही आहे, इतके समजले तरी पुरे.

वेगाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे फसगत होते. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये, आणि आपला फोटो किंवा चित्रफीत असते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ‘४० एमबीपीएस’ जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट येणार, ४० नव्हे. हा आकडा म्हणजे मोटारीचा लिटर प्रति सेकंद विसर्ग समजावा. एकाच वेळी चार जण चित्रफिती पाहत असतील तर तो चौघांत वाटला जाणार. दुसरी गोष्ट लेटन्सी, म्हणजे दिरंगाई. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडल्यापासून शेवटच्या ड्रीपरला पाणी येईपर्यंत जो वेळ जातो तो. विसर्ग भरपूर असूनही हा वेळ जास्त असू शकतो. चित्रफितीवरून सल्ला घेताना आवाज मागे-पुढे होतो तो याने. वेगाचे मोठे पॅकेज घेतल्याने तो दोष जाईलच असे नाही. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठीचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. शेतीच्या कामाला फार मोठा वेग लागत नाही; सतत टिकणारी जोडणी लागते. त्यामुळे पॅकेज निवडताना शेजारच्या मळ्यात महिन्यातून किती दिवस सेवा बंद असते, हे आधी विचारावे.

राऊटर कोठे ठेवावा

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तीच्या आत वापरण्यास २००५ पासून परवाना लागत नाही, आणि ५ गिगाहर्ट्झची मोकळीक २०१८ मध्ये अधिक वाढवण्यात आली. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून बरी पार होते व दूर जाते, परंतु वेग कमी मिळतो. आखूड लहर त्याच खोलीत उत्तम वेग देते, दोन भिंतींपलीकडे मात्र दम तोडते. दोन्ही पट्टे असलेला राऊटर घ्यावा आणि लांबच्या खोलीत २.४ वापरावा.

या लहरींचे दोन शत्रू शेतकऱ्याच्या घरात भरपूर असतात, लोखंड आणि पाणी. पत्रा लहर परतवून लावतो. राऊटर घरात आणि माणूस कांदाचाळीच्या पत्र्यामागे, अशा वेळी अंतर तीस फूट असले तरी जोडणी मिळेलच असे नाही. पाणी लहर शोषून घेते. भरलेली टाकी, ओली माती, इतकेच काय पण पानोळ्याने भरलेली द्राक्षबागही. ऑक्टोबर छाटणीनंतर उघड्या मांडवाखाली बागेत मिळणारे वायफाय डिसेंबरात पाने दाटल्यावर मिळत नाही, यात राऊटरचा दोष नाही. जुन्या घरांच्या दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि स्लॅबमधील सळया यांचाही असाच अडथळा होतो.

जोडणी देणारा माणूस तार खिडकीतून आत घेतो आणि खिडकीशेजारीच पेटी ठोकून निघून जातो. त्याला पुढच्या मळ्यात जायचे असते. आपण मात्र त्याला थांबवावे. तार आणखी वीस-पंचवीस फूट आत घेण्यास फारसा खर्च येत नाही. राऊटर घराच्या मधोमध, जमिनीपासून पाच-सहा फूट उंच, मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाट, फ्रीज, टीव्हीची मागची बाजू, मायक्रोवेव्ह भट्टी आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांपासून तो दूर ठेवावा. मायक्रोवेव्ह भट्टी त्याच २.४ च्या पट्ट्यात चालते, हे पुष्कळांना माहीत नसते. देवघरातील कोनाडा दिसायला सोयीचा वाटतो, परंतु तीन बाजूंनी दगड असलेला कोनाडा ही राऊटरसाठी वाईट जागा आहे. काड्यांसारख्या अँटेना उभ्या ठेवाव्यात.

फायबरची तार वाकवताना ती काटकोनात दुमडू नये, खिळ्याने दाबू नये. काचेचा तंतू आत मोडला तर बाहेरून काही दिसत नाही. उघड्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी तो असतो.

पहिल्यांदा लावताना

मोडेम व राऊटर वेगळे असल्यास मोडेमच्या लॅन छिद्रातून निघालेली तार राऊटरच्या वॅन छिद्रात लावावी. हे छिद्र बहुधा वेगळ्या रंगाचे असते. वॅन म्हणजे बाहेरची बाजू, लॅन म्हणजे घरची बाजू. नंतर वीज द्यावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. राऊटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर जाळ्याचे नाव, त्याचा पासवर्ड आणि व्यवस्थापनाचा पत्ता छापलेला असतो. मोबाईल त्या जाळ्याला जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता लिहावा. बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. तो इंग्रजी आकड्यांत लिहावा, मराठी आकडे चालत नाहीत.

उघडलेल्या पानावर प्रथम बाहेरच्या जोडणीचा प्रकार विचारला जातो. कंपनीने नाव व पासवर्ड दिला असल्यास पीपीपीओई हा प्रकार निवडून ते भरावेत; दिला नसल्यास आपोआप पत्ता घेणारा प्रकार निवडावा. हे नाव व पासवर्ड कागदावर लिहून घेतल्याशिवाय जोडणी करणाऱ्यास जाऊ देऊ नये. राऊटरच्या मागे टाचणी खुपसण्याएवढे एक छिद्र असते. ते दहा सेकंद दाबले की सर्व नोंदी पुसल्या जातात आणि राऊटर कोरा होतो. घरातील मुलाने कुतूहलाने ते दाबले आणि कागद नसला, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घर बंद.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी केले जाणारे आहे. राऊटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना आपण सांगतो. दुसरा व्यवस्थापनाचा, म्हणजे खुद्द पाटकऱ्याला हुकूम देण्याचा. पुष्कळ राऊटरवर हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून ‘ॲडमिन’ असाच येतो आणि तसाच राहतो. तो ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या घरातील डीएनएसची वही बदलू शकतो. मग तुम्ही बँकेचे नाव लिहाल आणि भलत्याच पत्त्यावर, हुबेहूब दिसणाऱ्या पानावर जाल. हंगामात एका खेपेचे पैसे जेथे जमा होतात त्या खात्याचा हा प्रश्न आहे. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी कोणतीही विशेष विद्या वापरलेली नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या सुमारे साठ जोड्यांची यादी करून ती प्रत्येक यंत्रावर लावून पाहिली, इतकेच. म्हणून दोन्ही पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे असावेत.

पासवर्ड म्हणून मोबाईल क्रमांक ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. मोबाईल क्रमांक दहा आकडी असतो आणि आपल्याकडे तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण चांगला संगणक तेवढ्या शक्यता काही तासांत तपासू शकतो. गट नंबर किंवा मुलाचे नाव तर शेजाऱ्यालाही माहीत असते. चार असंबद्ध शब्द आणि मध्ये एखादा आकडा असा पासवर्ड लक्षात राहतो व ओळखता येत नाही. सुरक्षा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. डब्ल्यूईपी हा सर्वांत जुना प्रकार २००१ सालीच फोडला गेला आहे. जुन्या राऊटरवर तो दिसला तर वापरू नये. डब्ल्यूपीएस ही बटणाने वा पिनने जोडण्याची सोय बंद करावी. तिचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन भागांत तपासला जातो, त्यामुळे सुमारे ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्ये उघड झाले. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय असल्यास तीही बंद ठेवावी.

जाळ्याच्या नावाला एसएसआयडी म्हणतात. त्यात आपले आडनाव किंवा कंपनीचे नाव नसावे. एक, सहा आणि अकरा या चॅनेलविषयीही वाचायला मिळते. शेजाऱ्याचा राऊटर आपल्या चॅनेलवर असल्यास गर्दी होते हे खरे, परंतु ही अडचण नाशिक शहरातील सदनिकांत आहे. जेथे शेजारचे घर दोन बिघ्यांपलीकडे आहे तेथे त्यात वेळ घालवू नये.

आता पाहुण्यांसाठीच्या जाळ्याविषयी. बहुतेक नव्या राऊटरवर गेस्ट नेटवर्क या नावाची सोय असते. यात त्याच राऊटरवर दुसरे नाव व दुसरा पासवर्ड असलेली वेगळी चारी निघते. तिच्यावरील यंत्रांना इंटरनेट मिळते, परंतु घरच्या चारीवरील मोबाईल-संगणक त्यांना दिसत नाहीत. द्राक्ष काढणीच्या दिवसांत व्यापारी, त्यांची माणसे, छाटणीच्या टोळ्या यांचे येणे-जाणे असते. त्यांना ही दुसरी चारी द्यावी. आणखी एक गोष्ट अशी, की गेटवरचे कॅमेरे आणि मोबाईलवरून चालणारे पंपाचे ऑटो स्टार्टर हेही शक्यतो याच वेगळ्या चारीवर जोडावेत. या स्वस्त यंत्रांची सुरक्षा कच्ची असते. ज्या मोबाईलवर बँक आहे तो आणि कॅमेरा एकाच चारीवर असू नये. कॅमेरा बसवणाऱ्याकडून त्याचाही पासवर्ड आपल्यासमोर बदलून घ्यावा. तो बदलल्याशिवाय मजुरी देऊ नये, असे आम्ही स्पष्टच सांगू.

जोडणी ज्याच्या नावावर आहे, तिच्यावरून काही गैरकृत्य झाल्यास पहिली विचारणा त्यालाच होते. त्यामुळे पासवर्ड गावभर होऊ देऊ नये. खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात आले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

पाणी कोठे अडले?

ठिबकच्या शेवटच्या ओळीत पाणी येत नसेल तर आपण आधी विहिरीकडे धावत नाही किंवा लॅटरलही उपटत नाही. मोटार चालू आहे काय, मेनमध्ये दाब आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, असे टप्प्याटप्प्याने पाहतो. नेट बंद पडल्यावरही असेच करावे.

प्रथम मोडेमचे दिवे पाहावेत. फायबरच्या पेटीवर पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असावा. लॉस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तार कोठेतरी तुटली किंवा निघाली आहे. ट्रॅक्टरच्या नांगराने, जेसीबीने किंवा उंदराने. येथे राऊटर बंद-चालू करून काहीही होणार नाही. कंपनीला ‘लॉस लाल आहे’ एवढे तीन शब्द सांगावेत, काम लवकर होते. पॉन हिरवा आहे परंतु इंटरनेटचा दिवा नाही, तर पाट भरलेला आहे पण फाटक बंद आहे. पैसे भरावयाचे राहिले असतील किंवा पीपीपीओईचा पासवर्ड पुसला गेला असेल. सर्व दिवे ठीक आहेत आणि तरी एका मोबाईलवर चालत नाही, तर दुसरा मोबाईल पाहावा. दुसऱ्यावर चालत असल्यास दोष पहिल्या मोबाईलचा. सर्वांवर राऊटरजवळ चालते व मागच्या खोलीत चालत नाही, तर दोष जागेचा. राऊटर एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करण्याचा उपाय करून पाहण्यास हरकत नाही, परंतु तो रोजच करावा लागत असेल तर अडॅप्टर तपासावा. दाब कमी झालेल्या विजेवर अडॅप्टर लवकर थकतात.

पॅकिंग शेड आणि विहिरीपर्यंत

घरापासून शेडपर्यंत जोडणी न्यायची असल्यास तांब्याची लॅन तार १०० मीटरपर्यंतच चालते. परंतु दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार आमच्या मते नेऊच नये. वीज जवळपास कोसळली तरी तारेत दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. त्याऐवजी फायबर टाकावी, तिच्यातून वीज वाहत नाही. दुसरा मार्ग म्हणजे समोरासमोर बसवायची बाहेरच्या वापराची ५ गिगाहर्ट्झची रेडिओ जोडी. यासाठी एका टोकावरून दुसरे टोक डोळ्याला स्पष्ट दिसले पाहिजे, आणि ते बाराही महिने दिसले पाहिजे. एप्रिलमध्ये मोकळ्या रानावरून जोडी बसवली आणि मध्ये ऊस किंवा मका उभा राहिला, की भाद्रपदात जोडणी तुटते. खांबाची उंची उभ्या पिकाचा हिशेब करून ठरवावी. खांबाला अर्थिंग द्यावे.

वीज आणि पावसाळा

घरगुती राऊटर बहुधा १२ व्होल्ट एकदिश विजेवर चालतो; काही ९ व्होल्टवर चालतात. पिन सारखीच असल्याने अडॅप्टरची अदलाबदल होते आणि राऊटर जळतो. दोन्हींवर रंगाची खूण करून ठेवावी. त्याला १० वॅट लागतात असे धरले तरी दिवसभरात पाव युनिटहून कमी, महिन्याला सुमारे ७ युनिट वीज होते. वस्तीवरील वीज जाण्याचे प्रमाण पाहता राऊटर व मोडेमसाठी लहान डीसी यूपीएस घेणे योग्य. तो दोन्ही पेट्यांना पुरेल असा घ्यावा. केवळ राऊटर चालू आणि मोडेम बंद अशा स्थितीत मोबाईलवर वायफाय दिसेल, पण उपयोग शून्य. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी थेट राऊटरला जोडण्याचा मोह काहींना होतो. चार्जिंगवर असताना त्या बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो, त्यामुळे तसे करू नये.

मे अखेरच्या वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की राऊटरचा अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. जोडणी तांब्याच्या टेलिफोन तारेची असल्यास तीही मोडेममधून काढावी. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा फळछाटणीच्या आधी, व्यवस्थापनाचे पान उघडून राऊटरची प्रणाली अद्ययावत करावी आणि जोडलेल्या यंत्रांची यादी वाचावी. त्यात आपल्या घरातील नसलेले नाव दिसल्यास त्याच दिवशी वायफायचा पासवर्ड बदलावा व घरातील सर्व मोबाईल नव्याने जोडावेत. पीपीपीओईचे नाव, दोन्ही पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनी ही माहिती फवारणीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही कपाटात ठेवावी. राऊटरवर चिकटवू नये.